सहा जागा आणि दोन वह्या

लोव्हिना क्रायझरने एकेचाळीस वर्षं मोज्यांमधली भोकं शोधली. रेडिंगच्या एका कारखान्यात तिचं कामच ते होतं. तयार मोज्यात हात घालायचा, आत बोटं फाकवायची, मोजा उजेडासमोर फिरवायचा आणि कुठे टाका गळला आहे का ते पाहायचं. दिवसाला कित्येक शे मोजे. आधी बोटांना सवय लागली, मग बोटांमागून मनाला. दुकानातून आणलेलं पीठ ती घरी पुन्हा तोलायची. शेजारणीने काकवीचा केक पाठवला, तर तोंडात घालण्याआधी हिला काय हवं असेल याचा विचार करायची. कुणी नुसतं ‘आज हवा बरी आहे’ म्हटलं, तरी लोव्हिना ते वाक्य उलटं करून आतली शिवण बघते, असं गावात म्हणत.

तिने लग्न केलं नाही. दोघांनी विचारलं होतं. दोघांतही तिला गळका टाका दिसला. ती राहिली थोरल्या बहिणीबरोबर, मलिंडाबरोबर, निळ्या डोंगराच्या पायथ्याशी, टुल्पेहॉकन ओढ्याजवळच्या दोन खोल्यांच्या दगडी घरात. जिचं बोलणं लोव्हिनाने कधी तपासून पाहिलं नाही अशी या जगात मलिंडा एकटीच. १९२९ च्या मार्चमध्ये ती गेली. तिला आईकडच्या वेंगर्ट घराण्याच्या मळ्यातल्या दफनभूमीत ठेवलं. तिथे त्यांची आई होती, आईची आईही होती. मलिंडाच्या डाव्या हाताला एक जागा मोकळी होती. ती आपली, असं लोव्हिनाने त्याच दिवशी मनाशी ठरवून टाकलं, आणि पुढच्या सात वर्षांत दुसरं काहीही ठरवायची तिला गरज पडली नाही.

वेंगर्टांचं संमेलन दर ऑगस्टात, तिसऱ्या शनिवारी, टेकडीवरच्या चर्चमागच्या राईत भरायचं. लांब टेबलं, कोंबडीचं आणि मक्याचं सूप, हॅम, लोणच्याच्या बरण्या, दोनशे माणसं आणि त्यांची पोरं. १९३६ साली जेवणं चालू असतानाच मॅलन वेंगर्ट उभा राहिला. घराण्याचा मूळ मळा मॅलनकडे होता, दफनभूमी त्याच्याच मक्याच्या शेताला लागून होती, आणि वेंगर्ट मंडळाचा चिटणीसही तोच होता. तीन हिवाळे खपून त्याने घराण्याचा इतिहास तयार केला होता. फिलाडेल्फियातली जहाजाची यादी, रेडिंगच्या कोर्टातलं मृत्युपत्र, चर्चची बाप्तिस्म्यांची वही, सगळं स्वतः पाहून त्याने टाइप केलं होतं. १७३८ साली ऱ्हाइनकाठचं गाव सोडून आलेला योहान्नेस वेंगर्ट, त्याचे पाच मुलगे, प्रत्येकाची शाखा, शाखेच्या फांद्या. मॅलनने ते इंग्रजीत वाचलं, कारण छापायचं इंग्रजीत होतं. पुढे भांडणं झाली ती मात्र घरच्या जर्मन बोलीत.

लोव्हिनाने चमचा खाली ठेवून सगळं ऐकलं. पाचही शाखा संपल्या आणि तिचं नाव आलं नाही. आईचं आलं नाही, मलिंडाचं आलं नाही. मग मॅलनने चष्मा पुसला आणि शेवटचं पान वाचलं. दफनभूमीत आता सहाच जागा उरल्या आहेत. जुन्या दस्तात लिहिलं आहे की ती जमीन योहान्नेसच्या रक्ताच्या माणसांसाठी आणि त्यांच्या नवरा-बायकांसाठी. तेव्हा यापुढे ज्याचं नाव या पुस्तकात, त्यालाच आत जागा.

लोक टाळ्या वाजवून पुन्हा सुपाकडे वळले. लोव्हिना उठून मॅलनपाशी गेली.

“मॅलन, मार्गारेथा कुठे गेली?”

“कुठली मार्गारेथा?”

“माझ्या आजीची आजी. योहान्नेसची मुलगी.”

मॅलन या प्रश्नाची वाटच बघत असावा, असं तिला वाटलं. कारण त्याने फाईल लगेच उघडली. चर्चच्या वहीत योहान्नेसचे पाच मुलगे आहेत, मुलगी एकही नाही. मृत्युपत्रात पाच मुलग्यांना जमीन आहे आणि पुढे एवढंच लिहिलं आहे, की बाकीच्यांना त्यांचं देऊन झालं. म्हाताऱ्या योहान्नेसच्या घरच्या टिपणवहीत मात्र एक ओळ सापडते: मार्गारेथा, जाताना, एक गाय, एक पलंग बिछान्यासकट, एक चरखा.

“जाताना म्हणजे मुदत संपून जाताना,” मॅलन म्हणाला. “त्या काळी जहाजाचं भाडं ज्यांना देता येत नसे ते आपली पोरं लोकांच्या घरी बांधून देत. अठरा वर्षांची होईपर्यंत राबायचं, मग दोन वस्तू घेऊन सुटायचं. ती घरात बांधलेली पोरगी होती, लोव्हिना.”

“लेकीला सासरी पाठवतानाही गाय आणि पलंगच देतात.”

“देतात की. पण लेकीचा बाप्तिस्माही करतात.”

मग माझी आई तिथे कशी, मलिंडा कशी, असं तिने विचारलं. त्यांना आता कोण उठवतंय, मॅलन म्हणाला. त्याच्या बाबांनी आणि आजोबांनी दया म्हणून जागा दिली असेल, तेव्हा जागाही पुष्कळ होती. आणि वर म्हणाला, “मोज्यात भोक सापडलं की तू काय करायचीस? बाजूलाच टाकायचीस ना? मग माझ्यावर कशाला डोळे वटारतेस?”

घरी जाताना लोव्हिनाने हिशेब घातला. मॅलन, त्याची बायको, दोन भाऊ, दोन भावजया. सहा. तिला वाटलंच होतं.

*

त्या चर्चची गोष्ट अशी होती, की इमारत एक आणि मंडळ्या दोन. एका रविवारी लुथरन पंथाची, पुढच्या रविवारी रिफॉर्म्ड पंथाची. बाकं एक, शेगडी एक, ऑर्गन एक, झाडणारा माणूसही एक. पण पाद्री वेगळे, वह्या वेगळ्या, आणि १९११ साली छप्पर स्लेटच्या दगडाचं घालायचं की पत्र्याचं यावरून झालेल्या भांडणानंतर दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांच्या मयताला जाणंही कमी केलं होतं. वेंगर्ट म्हणजे लुथरन. घोडा म्हणजे चार पायांचा, तसं. दोनशे वर्षांत कुणाला यात काही पडताळून पाहावंसं वाटलं नव्हतं.

सप्टेंबरात लोव्हिना पास्टर ब्रॉसमानांकडे गेली आणि बाप्तिस्म्यांची वही मागितली. मॅलनने ती आधीच पाहिली आहे, पास्टर म्हणाले. म्हणूनच मला पाहायची आहे, ती म्हणाली. पास्टरांनी खिडकीजवळचं टेबल मोकळं करून दिलं, पण स्वतः त्याच खोलीत शेंगा सोलत बसले. त्यांना आपल्यावर लक्ष ठेवायचंय हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिने त्यांना त्याबद्दल दोष दिला नाही. पान फाडून नेणारी माणसं असतात.

जुनी जर्मन लिपी तिला वडिलांच्या बायबलमुळे वाचता येत होती. तीन दिवस ती जात राहिली. तिने शाईचा रंग पाहिला, पानांची शिवण पाहिली, कुठे खरवडलं आहे का ते बोटाने पाहिलं. मॅलनने वही बिघडवली असावी असं तिला हवं होतं. तसं काही नव्हतं. पाच मुलगे जिथे असायला हवे तिथेच होते: १७४२, १७४४, १७४९, १७५१, १७५८.

तिसऱ्या दिवशी ती त्या आकड्यांकडे नुसती बघत बसली. सुरुवातीला दोन वर्षांनी मूल. मग पाच वर्षं काहीच नाही. मग पुन्हा दोन वर्षांनी मूल. मग सात वर्षं रिकामी. पोरं जन्मून मेली असतील, तर ती पुरल्याची नोंद हवी. पुरल्याच्या नोंदींत वेंगर्टाचं पोर नव्हतं. हे टाके गळले नव्हते. ते दुसरीकडे कुठेतरी विणले गेले होते.

मग तिने योहान्नेसला सोडून दिलं आणि त्याच्या बायकोला शोधायला घेतलं. बायकोचं नाव आना कातारिना. मोठ्या शेतकऱ्याची बायको, दाराशी पाणी, घरात खाणंपिणं; अशी बाई दर वर्षी कुणा ना कुणाच्या पोराच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून उभी राहायचीच. लोव्हिनाने तीस वर्षांचे धर्ममाता-धर्मपिता बोट फिरवत वाचले. योहान्नेस चौदा वेळा होता. आना कातारिना एकदाही नव्हती. ती एकदाही या वेदीपुढे उभी राहिली नव्हती.

“पास्टर,” लोव्हिना म्हणाली, “ही बाई आपली नव्हती.”

पास्टरांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी उठून वही पाहिली, चष्मा लावून पाहिली, काढून पाहिली. असं असेल तर दुसऱ्या बाजूच्या वहीत बघावं लागेल, असं ते हळूच म्हणाले. ती वही त्यांच्याकडची सुझी उल्रिख सांभाळते. आपण अठरा वर्षं इथे आहोत, पण ती वही आपण पाहिलेली नाही, मागितलीही नाही. “आणि मी तुम्हाला तिकडे पाठवलं, असं कृपा करून सांगू नका.”

*

सुझी उल्रिख एक्याऐंशी वर्षांची होती. लोव्हिना तिच्या अंगणात पोचली तेव्हा तिथे सफरचंदांचा मुरंबा शिजत होता. विस्तवावर तांब्याची भलीमोठी कढई, त्यात भल्या पहाटेपासून आटत चाललेला सायडर, म्हणजे सफरचंदांचा रस, आणि फोडी, आणि हातभर लांब दांड्याचा लाकडी ढवळणा. हे काम थांबवता येत नाही. क्षणभर हात थांबला की तळाला लागतं आणि सगळी कढई करपते. म्हणून आळीपाळीने ढवळायला घरात माणसं लागतात. सुझीची माणसं त्या दिवशी मका काढायला गेली होती.

लोव्हिनाने काय हवं ते सांगितलं. सुझीने ऐकून घेतलं आणि ढवळणा तिच्या हातात दिला.

“संध्याकाळपर्यंत ढवळ. मग वही दाखवते.”

“आधी दाखवलीत तर नाही का चालणार?”

“आधी दाखवली तर तू ढवळशील का?”

हे लोव्हिनाला पटलं. तिने स्वतःही तसंच केलं असतं. ती ढवळत राहिली. धूर डोळ्यांत जात होता आणि खांदे भरून आले होते. म्हातारी मध्येच येऊन दालचिनी घालायची, कढईत डोकावायची आणि लुथरन बायका एकाच दिशेने ढवळतात, म्हणून त्यांचा मुरंबा कडू होतो, असं काहीतरी बोलून जायची. ही आतमध्ये जाऊन वहीचं पान लपवत तर नसेल, असं लोव्हिनाच्या मनात चार वेळा आलं. चारही वेळा तिला कढई सोडून जाता आलं नाही.

उन्हं उतरल्यावर मुरंबा मडक्यांत भरला गेला. मग सुझीने गोधड्यांच्या पेटीच्या तळातून वही काढली आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली. लोव्हिनाने हात दोनदा धुतले. तिला शोधावं लागलं नाही. सुझीने वही बरोबर त्याच पानावर उघडली.

१७४६, एलिझाबेथा. १७५४, मार्गारेथा. १७५६, क्रिस्टिना. तिघींचा बाप योहान्नेस वेंगर्ट, लुथरन. आई आना कातारिना, आमच्या मंडळीतली. आणि पहिल्या नोंदीखाली त्या वेळच्या पाद्र्याने एक ओळ लिहून ठेवली होती: लग्नाच्या वेळी ठरल्याप्रमाणे मुलगे बापाच्या वेदीपुढे जातील, मुली आईच्या.

लोव्हिनाने मार्गारेथाच्या नोंदीवर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललं नाही. शाई आजूबाजूच्या नोंदींचीच होती. खरवडलेलं काही नव्हतं.

“तुम्हाला पान ठाऊक होतं,” ती म्हणाली.

“ठाऊक कसं नसेल? ती एलिझाबेथा माझी पणजी. तिनेच उल्रिखाशी लग्न केलं, आणि मी उल्रिखांच्याच घरात जन्मून उल्रिखांच्याच घरात दिली गेले.”

“म्हणजे तुम्हीही वेंगर्ट. आणि इतकी वर्षं बोलला नाहीत.”

“कुणी विचारलं का? तुम्ही लुथरन लोक विचारत नाही, पोरी. तुम्ही जाहीर करता.” सुझीने वहीवरचा दालचिनीचा कण फुंकून टाकला. “एकजण आला होता, तोही तुमच्यातला. मॅलनचा आजोबा. माझ्या सासूच्या वेळची गोष्ट. इथेच बसला, हेच पान वाचलं, वही मिटली, दोन वाट्या सूप प्यायला आणि एक शब्द न बोलता गेला.”

लोव्हिनाला सगळा धागा एकदम दिसला. म्हातारा वेंगर्ट पाहून गेला होता. म्हणून त्याने मार्गारेथाच्या वेलीतल्या बायकांना दफनभूमीत मुकाट्याने जागा दिली. आणि आपल्या घराची मूळ आई पलीकडच्या बाकावरची होती हे उघड करायला नको, म्हणून ते कुठे लिहिलं मात्र नाही. दया नव्हती ती. तो हक्क होता, फक्त तोंड दाबून दिलेला.

तुम्हाला तिथे जागा हवी आहे का, असं तिने सुझीला विचारलंच. सुझी हसली. म्हणाली, तुमच्या त्या काटेरी शेतात मला काय करायचंय. लोव्हिनाला ते खरं वाटलं नाही.

*

पुढच्या आठवड्यात तिने मॅलनला सुझीच्या स्वयंपाकघरात आणून बसवलं. मॅलन प्रामाणिक माणूस होता; खोटं लिहिण्यासाठी त्याने तीन हिवाळे घालवले नव्हते. त्याने ओठ हलवत तिन्ही नोंदी वाचल्या आणि त्याचे कान लाल झाले. एकाच चर्चच्या दोन वह्यांपैकी त्याने एकच पाहिली होती, फिलाडेल्फियापर्यंत जाऊन आला होता आणि टेकडीच्या पलीकडे तीन मैलांवर आला नव्हता. सुझीने त्याला सूप विचारलं. तो नको म्हणाला.

बाहेर आल्यावर, गाडीच्या दारावर हात ठेवून तो बोलला. लोव्हिनाची मार्गारेथा तो पुस्तकात घालणार होता. तिची जागा पक्की. पण तेवढंच. एलिझाबेथाची सगळी वेल उल्रिखांत गेली आहे, म्हणजे रिफॉर्म्डांची अर्धी बाकं. क्रिस्टिनाचे लोक लेबननपासून डोंगरापलीकडे पसरलेले. “तिघींना घेतलं तर सहा जागांसाठी दीडशे म्हातारे रांगेत उभे राहतील, आणि त्यातले निम्मे तुझ्याहून थोरले. तुझं काम झालंय, लोव्हिना. आता वहीवर गोधड्या घाल.”

तिने विचार करायला बुधवारपर्यंतचा वेळ मागून घेतला.

तिला हवं होतं ते हातात आलं होतं. घरी शेगडीपुढे बसून ती त्यातला गळका टाका शोधत राहिली. तो सापडायला फार वेळ लागला नाही. मॅलनच्या वचनाने मिळालेली जागा ही मॅलनच्या हातातली जागा होती. दोन बहिणींना लपवून तिसरी आत जाते, हे मॅलनला ठाऊक, सुझीला ठाऊक. उद्या आपण डोळे मिटले की पहारा कोण करणार? तेव्हा मॅलनची भावजय म्हणेल, कसली मार्गारेथा. आणि मॅलन कानांवर हात ठेवेल, कारण बाकीच्या दोघींबद्दल तो आताच ते करायला तयार होता. मेलेल्या माणसाला वाद घालता येत नाही. ज्या गोष्टीवर दोनशे माणसांची नजर नाही, तिच्यावर आपण विसंबून कसं राहायचं?

गावात पुढे लोक म्हणाले, की लोव्हिनाने मोठं मन दाखवलं. मन वगैरे काही नव्हतं. तिचा मॅलनवर विश्वास नव्हता, एवढीच गोष्ट.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी शाळेच्या खोलीत मंडळाची बैठक झाली. लोव्हिनाने उभं राहून तिन्ही नोंदी मोठ्याने वाचल्या, तारखांसकट, आणि त्या पाद्र्याची ओळही वाचली. मग जे झालं ते दोन तास चाललं. मूळ आई रिफॉर्म्ड होती हे ऐकून एक म्हातारा टोपी घालून निघूनच गेला. कुणी म्हणालं वही बनावट आहे, कुणी म्हणालं छपराचा सूड आहे. पास्टर ब्रॉसमान छताकडे बघत बसले. मॅलनने मात्र उठून सांगितलं की वही खरी आहे, आपण पाहिली आहे, आणि चूक आपली आहे. ते त्याला किती जड गेलं हे लोव्हिनाला दिसलं, आणि क्षणभर तिला त्याच्याबद्दल काय वाटावं ते कळेना.

शेवटी निवाडा असा झाला. सहापैकी तीन जागा मुलग्यांच्या शाखांना, तीन मुलींच्या. म्हणजे मार्गारेथाच्या वेलीला एक, मलिंडाशेजारची. ती कुणाची, हे त्या वेलीने आपसात ठरवायचं. साठीच्या वरचे जितके असतील तितक्यांनी सही करून एका नावाला संमती द्यायची, आणि कागद नाताळाआधीच्या शनिवारी मॅलनकडे द्यायचा. एकाचीही सही राहिली तर चिठ्ठ्या टाकायच्या.

*

साठीच्या वरचे, लोव्हिना सोडून, आठजण होते. ज्या बाईने आयुष्यात कुणाचं काही घेतलं नव्हतं, कारण परतफेडीत काय मागतील याची तिला भीती होती, ती आता एकेका दारात हात पसरून उभी राहू लागली. कुणी तिला बसायलाही न सांगता कागद तीन वेळा वाचला. एका मावसबहिणीने, यात माझं नुकसान काय ते आधी सांग, असं म्हटलं. डोंगरापलीकडच्या एका म्हाताऱ्याने कागद उजेडाकडे धरून पाहिला. लोव्हिनाने हे सगळं मान खाली घालून सोसलं. ती त्यांना दोष देऊ शकत नव्हती. त्यांच्या जागी तिने तर शाईचा वासही घेतला असता. पंधरा दिवसांत सात सह्या झाल्या.

आठवी सही तिच्या सख्ख्या भावाची होती. इलायस एकाहत्तर वर्षांचा, घोड्यांचं सामान शिवणारा, पाच मैलांवर विधुर म्हणून एकटा राहणारा. आई गेली तेव्हा आईची रंगवलेली लाकडी पेटी त्याच्याकडे आली. पेटी रिकामी होती, असं तो म्हणाला. लोव्हिनाने ते मानलं नाही. या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून ती दोघं चर्चच्या दारात मान हलवण्यापलीकडे बोलली नव्हती. मलिंडाच्या मयताला इलायस भिंतीपाशी उभा होता आणि लोव्हिना खड्ड्यापाशी.

ती आली तेव्हा तो लगाम शिवत होता. तिने कागद पुढे केला आणि कशाबद्दल आहे ते सांगायला लागली. त्याने मध्येच सुई बाजूला ठेवली, पेन्सिल घेतली, ती बदलून शाईचं पेन घेतलं आणि सही केली.

“वाच तरी आधी,” लोव्हिना म्हणाली.

“तू लिहिलंयस ना? मग त्यात चूक कशी असेल.”

हा टोमणा आहे की काय हे तिला उमगेना. मग ज्या गोष्टीचा तिने सगळ्या वाटेवर विचार केला नव्हता ती तिला समोर दिसली. मलिंडा याचीही बहीण होती. आई याचीही आई. त्या एका जागेवर याचा हक्क तिच्याइतकाच होता. वयाने तर जास्तच.

“आणि तू कुठे?” तिने विचारलं.

“माझी आमांडा आहे की चर्चमागे. तिच्या शेजारी आहे जागा मला.” त्याने लगाम पुन्हा मांडीवर घेतला. “जा आता. रस्त्यावर बर्फ होईल.”

आठ सह्या झाल्या होत्या. लोव्हिना घरी जायला निघाली आणि टेकडीच्या फाट्याशी आल्यावर तिचे पाय चर्चकडे वळले. तिने त्यांना अडवायचा प्रयत्नही केला नाही. मागच्या आवारात तिने भावजयीचा, आमांडा क्रायझरचा, दगड शोधून काढला. उजवीकडे आमांडाचा बाप होता. डावीकडे आमांडाची आई होती. पायथ्याशी वाट होती आणि डोक्याशी दगडी भिंत. दोन्ही बाजूंना सुरा घालायलाही जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा इलायसच्या दारात उभी होती.

“तिथे जागा नाहीये,” ती म्हणाली.

“गेलीस ना बघायला?” इलायसने मान वर केली नाही. “ठाऊक होतं मला.”

“मग खोटं का बोललास?”

“खरं बोललो असतो, की तुलाच मिळावी असं मला वाटतं, तर तू विश्वास ठेवला असतास?”

लोव्हिना उंबऱ्यातच थांबली. तिने प्रामाणिकपणे विचार करून पाहिला. नसता ठेवला. तिने पाच मैल चालता चालता त्या वाक्याची शिवण उसवली असती, त्याला पेटीबद्दल काही कबूल करायचं असेल असं ठरवलं असतं, आणि कागद घरी नेऊन जाळला असता. इलायसने तिला ओळखलं होतं. एवढी वर्षं न बोलता ओळखलं होतं, आणि तिच्या स्वभावाला झेपेल एवढंच खोटं मोजून दिलं होतं.

“थंडी आत येतेय,” तो म्हणाला. “दार तरी लाव. आत राहून लाव नाहीतर बाहेर राहून.”

तिने दार आतून लावलं. वाळलेल्या सफरचंदांच्या फोडी आणि हॅम शिजत होतं, त्यात तो पिठाचे गोळे सोडत होता. त्याने ताटं दोन घेतली. जेवताना दोघं फारसं बोलली नाहीत. पेटी खिडकीखाली होती आणि तिच्यावर चामड्याचे तुकडे पडले होते. लोव्हिनाने तिच्याकडे दोनदा पाहिलं. विचारलं मात्र नाही.

नाताळाआधीच्या शनिवारी तिने कागद मॅलनच्या घरी नेऊन दिला. मॅलनने टेबलाशी बसून सह्या एकेक करून तपासल्या. आठही होत्या. त्यांच्याखाली लोव्हिनाच्या हातची आणखी एक ओळ होती, बैठकीत ठरलेल्या मसुद्यात नसलेली: ही जागा लोव्हिना आणि इलायस या दोघांपैकी जे आधी जाईल त्याची.

मॅलनने ती वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. कागद उलटा करून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं.

“सगळी खटपट तू केलीस. वही तू शोधलीस, सह्या तू आणल्यास. आणि आता हे,” तो म्हणाला. “यात मेख काय आहे, लोव्हिना?”

लोव्हिना हातमोजे चढवत होती.

“शोध,” ती म्हणाली. “तीन हिवाळे लागतील.”